एक स्टारवाले पावणे

होमस्टे चालवणाऱ्याकडे दोन गोष्टी आपोआप साठत जातात. गेस्ट विसरून गेलेले चार्जर आणि खोटे रिव्ह्यू. चार्जर निदान उपयोगी पडतात.

माझ्या खोडदच्या शेतात तीन खोल्या आहेत. निरगुडसरचे दत्ताभाऊ आणि आणे गावच्या सुमनताई यांचाही हाच धंदा. शनिवार-रविवारचे पावणे गेले, की सोमवारी आम्ही तिघं नारायणगावला चहाला भेटतो. चहा निमित्ताला. आठवड्यात कोणी काय लिहिलं ते वाचून दाखवायचं आणि मनसोक्त शिव्या घालायच्या, हे खरं काम. सुमनताई शिव्या देत नाहीत. त्या नुसतं "पुढं वाचा" म्हणतात.

*

पहिला मान माझा. आमच्या गच्चीवरून खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या प्रचंड अँटेना दिसतात. पुण्याच्या एका साहेबांनी सकाळभर त्यांच्यासमोर फोटो काढले. या अँटेना आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी पकडतात, असं मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी मानही डोलावली. घरी जाऊन एक स्टार दिला. 'दारात एवढ्या मोठ्या डिश, तरी टीव्हीवर मॅच दिसत नाही. मालकीण मुद्दाम कनेक्शन देत नाही.'

मी खाली उत्तर लिहिलं, 'साहेब, त्या डिशवर तारे ऐकू येतात. तिकडं अजून क्रिकेट सुरू झालेलं नाही.'

पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच कोणाचा तरी रिव्ह्यू आला. 'खोली चांगली. मालकीण उद्धट.'

*

दत्ताभाऊंचं घर उसाच्या मधोमध आहे. दिवस कलला की कुंपणाबाहेर कोणी जायचं नाही, एवढा एकच नियम ते पावण्यांना सांगतात. आठवड्यापूर्वीच बिबट्यानं शेजाऱ्याची शेळी बांधावरून उचलून नेली होती.

ठाण्याचं एक कुटुंब आलं होतं. त्यांचा सहा वर्षांचा मुलगा संध्याकाळी बॉलमागं धावत थेट उसाच्या कडेला गेला. दत्ताभाऊ साठीचे, गुडघे दुखतात. तरी पळत गेले, पोराला काखोटीला मारून आणलं आणि फाटक लावून घेतलं. बाप चिडला. आपण सुट्टीला आलोय, जेलमध्ये नाही, असं त्यानं सुनावलं आणि रिव्ह्यूत लिहिलं, 'मालकाने मुलाला ओढत आणलं. आम्हाला कोंडून ठेवलं.' एक स्टार.

पंधरा दिवसांनी दुसरे पावणे येऊन गेले. त्यांनी लिहिलं, 'दोन दिवस राहिलो, एकही बिबट्या दिसला नाही. शुद्ध फसवणूक.' तोही एक स्टार.

दत्ताभाऊंनी दोन्ही रिव्ह्यू आम्हाला लागोपाठ वाचून दाखवले, फोन खिशात टाकला आणि म्हणाले, "ह्या दोगांना एकाच दिवशी बोलवायला पायजे व्हतं, राव."

*

आण्याच्या पठारावर उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. सुमनताई हे बुकिंगच्या वेळीच सांगतात. तरी चौघांनी नळाला पाइप लावून गाडी धुतली. टाकी निम्म्यावर आली तेव्हा ताईंनी कॉक बंद केला. रिव्ह्यू आला, 'निसर्ग सुंदर. बाई चिक्कू. आंघोळीला मोजून एक बादली.'

ताईंनी मुलाकडून उत्तर लिहून घेतलं. ताई बोलल्या तस्संच त्यानं लिहिलं. 'गाडी लई चकचकीत गेली तुमची. आमी दोन दिवस राखेनं भांडी घासली.'

*

एकदा मला रिव्ह्यू आला, 'स्विमिंग पूल घाण होता.' माझ्याकडे विहीर आहे. पूल नाही. तो रिव्ह्यू भलत्याच होमस्टेचा होता. मी अ‍ॅपच्या कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी हिंदीत म्हणाली, ये गेस्ट का पर्सनल एक्सपीरियन्स है, पूलचा फोटो पाठवा.

पूलच नाही, तर फोटो कशाचा पाठवू, असं मी विचारलं. तिनं सांगितलं, मग पूल नाही याचा पाठवा.

संतापानं मी घर, विहीर, गोठा आणि कांद्याचं सगळं शेत यांचे चारी बाजूंनी फोटो काढून पाठवले. दुसऱ्या दिवशी ईमेल आला. 'फोटोत पूल नीट दिसत नाही. कृपया स्पष्ट फोटो पाठवावा.'

*

हे झाले हसण्यावारी नेण्यासारखे. एक मात्र हसण्यासारखा नाही.

हिराबाई आंबेगावच्या डोंगरातल्या वाडीची. सात वर्षं माझ्याकडे स्वयंपाक आणि खोल्या बघते. पुण्याच्या एक बाई आपल्या आईला घेऊन दोन दिवस राहून गेल्या आणि संध्याकाळी रिव्ह्यू आला. 'माझी सोन्याची कुडी चोरीला गेली. खोली झाडणारी हिराबाई चोर आहे. सावध राहा.' चक्क नाव घालून. ते नाव मीच त्यांना कौतुकानं सांगितलं होतं.

हिराबाईला वाचता येत नाही, तिच्या जावयाला येतं. दुसऱ्या दिवशी ती वेळेवर आली, पण खोल्यांकडे फिरकली नाही. "खोल्या तुमी झाडा ताई. मी पडवीतच बरी."

मी गाद्या उसवल्या, मोरीची जाळी उचकटली. कंपनीला लिहिलं. उत्तर तेच, पर्सनल एक्सपीरियन्स. माझे स्टार गेले तर जाऊ देत, पण तिचं नाव?

बारा दिवसांनी बाईंचा फोन आला. कुडी त्यांच्या आईच्या पाऊचच्या अस्तरात सापडली होती. त्या म्हणाल्या, "मी लगेच फाइव्ह स्टार करते हं."

मी म्हटलं, "स्टार राहू द्या. इथं या आणि तिला सांगा."

येतील असं वाटलं नव्हतं. पण रविवारी सकाळी आल्या, पेढे घेऊन. हिराबाई पडवीत तांदूळ पाखडत होती. बाई माझी माफी मागायला लागल्या. मी हिराबाईकडे बोट केलं. मग त्या तिच्यासमोर उभ्या राहून सगळं बोलल्या. हिराबाईनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि सूप बाजूला ठेवलं.

"ताई, वही आणा."

मी वही-पेन आणलं. हिराबाई बाईंना म्हणाली, "ब्याग उघडा."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पेनाचं टोपण काढलं. त्यांनी बॅग उघडली. हिराबाई एकेक वस्तू बाहेर काढून खाटेवर मांडत गेली आणि सांगत गेली.

"लिवा. चष्मा, एक. रुमाल, दोन. फणी, एक."

बॅग रिकामी झाली. मग तिनं बाईंच्या कानांकडे पाहिलं.

"कुड्या, दोन. आन् खाली सही घ्या त्यांची."