तत्त्वज्ञाखालचं टेबल

अमेरिकेत ॲन आर्बरला आमच्या ऑफिसशेजारी एक ग्रीक म्हातारा छोटं हॉटेल चालवायचा. आपल्या बेटावरचे थोर लोक त्याने भिंतीवर टांगले होते: एक मिशाळ दर्यावर्दी, एक कवयित्री आणि एक दाढीवाला तत्त्वज्ञ. कुणाला कुणाखाली बसवायचं, हे गिऱ्हाइकाकडे बघून तोच ठरवायचा. दंगा करणारी पोरं दर्यावर्दीखाली, जोडपी कवयित्रीखाली. मला मात्र रोज तत्त्वज्ञ! मित्रांना मी हे कॉलर ताठ करून सांगायचो. एकदा न राहवून विचारलंच, "माझ्यात असं काय दिसलं तुम्हाला?"

फडक्याने तत्त्वज्ञाचं नाक पुसत तो म्हणाला, "हासुद्धा जेवताना असाच बोलत सुटायचा. बायको बिचारी सूप परत परत गरम करून थकली."

आणि माझा गार झालेला वाडगा उचलून तो आत गेला.