काकूच्या साडीतला तास

हेवा वगैरे शब्द पुस्तकात बरे वाटतात. मी जळत होते. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, खामगावच्या कॉलेजात, माझ्याच बाकावर बसणाऱ्या मैत्रिणीवर मी सरळ सरळ जळत होते. आजही कुणी तिचं कौतुक केलं की माझ्या पोटात दुखतं.

आम्ही दोघी वडनेर भोलजीच्या. सकाळची एसटी एकच. तिच्या घरी भाजीपाला. मेथीच्या जुड्या बांधून ती यायची आणि डोळे चोळत म्हणायची, "कालचं सांग वं. मले काहीच नाई समजलं." कालचं म्हणजे डिफरेन्शियल इक्वेशन. मी सांगायचे. y असलेलं सगळं एका बाजूला, x असलेलं सगळं दुसऱ्या बाजूला, मग दोन्हीकडे इंटिग्रेशन. "म्हंजे वांगे इकडे, टमाटे तिकडे," ती म्हणायची. हळूहळू तिला यायला लागलं. नुसतं यायला नाही, माझ्या आधी यायला लागलं. सर गणित लिहून फळ्यापासून वळायच्या आत हिचं उत्तर तयार.

आमच्याकडे शिक्षक दिनाला पोरं-पोरी तास घेतात आणि सर मागच्या बाकावर बसतात. पोरी साड्या नेसतात. डिफरेन्शियल इक्वेशनचा तास एकच होता. तो मलाच मिळणार म्हणून मी नांदुऱ्याच्या काकूची मोरपंखी साडी आधीच मागून आणली, इस्त्री करून ठेवली, आरशासमोर पुस्तकी भाषेत सरावही केला. काकूला सांगून टाकलं, "यंदा मी शिकवणार हाये." गुडघ्याला बाशिंग म्हणतात ते हेच.

सरांनी नाव घेतलं तिचं.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये ती मलाच विचारते, "तुह्यापाशी एखादी चांगली साडी हाये काय वं? माह्यापाशी नाई." मी हो म्हटलं. का म्हटलं, ते मला विचारू नका. शिक्षक दिनाला तिच्या निऱ्या मीच घातल्या, पदराला पिन मीच लावली आणि लावताना जरा टोचलीही. ती "आई गं" म्हणून हसली. साडी तिला माझ्यापेक्षा शोभत होती, मेली.

तिनं गणित घेतलं चहा थंड होण्याचं. चहा आणि खोली यांच्या तापमानात जितका फरक, तितक्या वेगानं चहा निवतो. "पुस्तकात खोलीचं तापमान वीस हाये," ती म्हणाली. "आपल्या इकडे मे महिन्यात वीस कुठून आणता? चव्वेचाळीस घेऊ." वर्ग हसला. सरही हसले. अहो, तो विनोद माझा होता. बसमध्ये मीच केलेला. आणि ही घरी बोलावं तशी बोलत होती, अन् पोरांना सगळं समजत होतं. माझा तो आरशासमोरचा सराव पार वाया.

मग चहाचं तापमान T धरून तिनं समीकरणाच्या दोन्ही बाजूंना T वजा चव्वेचाळीसनं भागलं, काही न सांगता. मी याचीच वाट पाहत होते. हात वर केला.

"मॅडम, चहा आधीच चव्वेचाळीसवर असला तर? शून्यानं भागून राह्यल्या तुमी."

मागच्या बाकावर सर सावरून बसले. तिनं वळून फळ्यावरची ती ओळ पुन्हा वाचली. आता रडते, असं मला वाटलं. वाटलं काय, हवंच होतं.

"हाव, चुकलं माह्यं," ती म्हणाली आणि डस्टर सापडेना म्हणून पदरानंच ती ओळ पुसली. काकूच्या पदरानं. "तेवढं उत्तर वेगळं लिहा. असा चहा निवतही नाई, तापतही नाई. जसाचा तसा राह्यते." मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "मले हे सारं हिनंच शिकवलं हाये, बसमधी. टाळ्या वाजवा हिच्यासाठी."

वाजल्या. सरांनीही वाजवल्या. कॉलेजात माझ्यासाठी टाळ्या वाजल्या त्या तेवढ्याच, आणि त्याही हिनं वाजवायला लावल्या. मोठेपणासुद्धा हिनंच घ्यावा? माझ्यासाठी काहीतरी ठेवायचं होतं तिनं.

परतीच्या बसमध्ये तिनं विचारलं, "रागावली काय वं?"

"नाई," म्हटलं, आणि साडीची पिशवी घेऊन नांदुऱ्याला एकटीच उतरले. ती पुढे गावाला गेली.

काकूनं साडी उलगडली. पदरावर पांढरा पट्टा उमटला होता. आता बोलणी बसणार म्हणून मी खाली पाहत उभी राहिले. पण काकूनं त्यावर बोट फिरवून पाहिलं आणि काकांना हाक मारून तो दाखवला.

"पाहा, खडू लागला. पोरीनं जोरात शिकवलं दिसते. हाव ना वं?"

"हाव," मी म्हटलं.