भिंतीवरच्या तारखा

“भिंत काय आजची हाय का? पडायची असती तर कवाच पडली असती,” शाळेच्या ओट्यावर बसलेले सरपंच शेजाऱ्याला म्हणाले. “नि शाळेतल्या पोरांनी भिंतीवर लिहिलं तर मार खातात. हे मास्तर कॉलेजातून लिहायला आलेत!”

भोये सरांना ते ऐकू आलं होतं, पण ते वळले नाहीत. भिंतीतला तडा जिथे संपत होता तिथे त्यांनी पेन्सिलीने आडवी रेघ मारली, बाजूला तारीख घातली आणि पेन्सिल कानामागे खोचली.

सर आम्हाला भूगोल शिकवत. २०१८च्या हिवाळ्यात डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के सुरू झाले, तेव्हा पहिल्या वर्षाच्या आम्हा सहा जणांना घेऊन ते पाड्यापाड्यांवरच्या शाळा पाहत फिरू लागले. ही शाळा माझ्याच गावातली. पण मी डहाणूला इंग्रजी शाळेत शिकलेली. हिच्यात पहिल्यांदाच पाऊल ठेवत होते.

“सर, फार भयंकर दिसतंय,” मी म्हणाले.

“भीती तुझ्यापाशी ठेव. माप सांग.”

मी पट्टी लावून आकडा पुटपुटले. “भिंतीला ऐकू आलं, मला नाही,” सर म्हणाले.

आम्ही दर शनिवारी जायचो. दर वेळी तडा आधीच्या रेघेच्या पुढे गेलेला असायचा. चौथ्या शनिवारी जमिनीखालून जड ट्रक जावा तशी घरघर आली. आतली मुलं कुणी न सांगता, न ओरडता, ओळीने बाहेर आली. त्यांना सवय झाली होती. सरांनी त्या दिवशी पेन्सिल काढलीच नाही. “आता मोजून भागायचं नाही,” एवढंच म्हणाले.

शाळेसमोरच्या पंचायतीच्या कचेरीत भरलेल्या पुढच्या ग्रामसभेत ग्रामसेवकांनी ठराव वाचला: इमारत वापरण्याजोगी आहे, वर्ग तिथेच भरवावेत. दुसरी शाळा चार किलोमीटरवर, म्हणून आईबापही गप्प होते. सर दाराशी उभे होते.

“सर, तुम्ही बोला ना,” मी त्यांच्याजवळ जाऊन म्हणाले.

“मी इथला मतदार नाही. माझं बोलणं कोण नोंदवणार? मतदार यादीसाठी तुझा फॉर्म कशाला भरून घेतला होता? आलंय ना तुझं नाव यादीत?”

“सगळ्यांना मान्य?” सरपंचांनी विचारलं. कुणी हललं नाही. ग्रामसेवकांनी ‘सर्वानुमते’ लिहायला पेन टेकवलं. सर आता माझ्याकडे बघतही नव्हते. दारातून शाळेकडे बघत होते. मधली सुट्टी संपून मुलं पुन्हा आत चालली होती.

“मला मान्य नाही,” मी म्हणाले. “माझं नाव घालून लिहा.”