म्यूच्या जागी चौकोन

छापखान्याची गाडी खाली उभी होती आणि माझ्या पुस्तकाची अक्षरजुळणी करणाऱ्या वंदनाताई स्टीलची पट्टी एकेका ओळीखाली धरून प्रूफ वाचत होत्या. पुस्तक औषधाची मात्रा काढणाऱ्या प्रोग्रॅमचं. त्यात मायक्रोग्रॅमसाठी जिथे ग्रीक म्यू हवा, तिथे रिकामे चौकोन उमटले होते. त्या फॉन्टमध्ये ग्रीक अक्षरंच नव्हती.

"दुसरा कुठलाही लावा हो, ताई. गाडीवाला निघून जाईल."

त्यांनी दुसरा लावला. चौकोन गेले, मी उठलो. पट्टी मात्र एका ओळीवर अडली.

"सर, इथे म्यू होता ना?"

तिथे इंग्रजी एम होता. मायक्रोग्रॅमचे मिलिग्रॅम झाले होते, हजारपट औषध! चूक माझीच. त्या एका पानावर मी जुन्या सवयीने एम टाइप करून त्याला ग्रीक फॉन्टचा मुखवटा चढवला होता; दिसायला म्यू, आतून एमच. फॉन्ट बदलताच मुखवटा गळून पडला. आणि एम कसा, ओळीत अगदी शहाण्यासारखा बसलेला.

सकाळपासून मी त्या चौकोनांवर चिडलो होतो, पण त्यांनी निदान 'हे माझ्याकडे नाही' असं तोंडावर सांगितलं होतं. खाली हॉर्न वाजतच होता. ताईंची पट्टी पुढच्या ओळीवर सरकली, आणि मला माझा वर्ग आठवला. तीस वर्षं शिकवलं. उत्तर येत नसतानाही फळ्यावर काही ना काही लिहीत आलो. जागा रिकामी अशी कधी सोडलीच नाही.