सरांनी काढलेला चंद्र

आमच्या शेजारचे दशरथ सर निवृत्त होईपर्यंत डहाणूच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे. मुलांच्या कागदावर स्वतःचा ब्रश फिरवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. निवृत्तीनंतर त्यांनी चांदण्या रात्रीची चित्रं काढायचा सपाटाच लावला. प्रत्येकात तळं, ताड आणि ताटाएवढा चंद्र. आम्ही सरावली गावातले शेजारी ती बघून "फ्रेम सुंदर आहे हो" म्हणायचो.

मग एकदा त्यांच्या बायकोने, वसुमतीकाकूंनी, उरलेल्या रंगांत एक चित्र काढलं. जवळच्या चिखले गावचा किनारा, ओहोटी, सुरूच्या झाडांची काळी रांग. चंद्र कुठेच नव्हता, नुसती ओली वाळू उजळलेली. बघून मी म्हटलं,

"काकू, कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखं वाटतंय."

"तसंच काढायचं होतं गं," काकू लाजल्या. "आमची सई सासरी गेली ना, तेव्हा घर असंच वाटायचं."

सर बाजूलाच बसले होते. ते जळले, दुसरा शब्द मला सापडत नाही. कप बशीत आपटून म्हणाले, "नवशिक्यांना लागतो कधी कधी मटका."

वाचनालयाच्या हॉलमध्ये गावातल्या हौशी चित्रकारांचं प्रदर्शन होतं. काकूंनी भीत भीत चित्र द्यायचं ठरवलं. लोकांना आवडलं तर पुढे काढीन, नाहीतर पुरे, म्हणाल्या. आदल्या दिवशी त्या बाजारात गेल्या आणि इकडे सरांनी काकूंच्या चित्रातल्या आकाशात पांढरा जाड चंद्र काढून ठेवला.

काकू चिडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या उलट कौतुकाने मलाच दाखवायला आल्या. "बघ, यांनी सुधारून दिलं! उजेड आहे तर चंद्र दिसायलाच हवा म्हणाले. माझ्या लक्षातच आलं नाही बाई." त्या चंद्रापुढे वाळू पार विझून गेली होती.

प्रदर्शनात काकू सकाळपासून चित्राशेजारी खुर्ची टाकून बसल्या. लोक यायचे, "छान आहे" म्हणायचे नि पुढे सरकायचे. दुपारी पदराने चेहरा पुसत त्या सरांना म्हणाल्या, "तुम्ही एवढं सुधारून दिलंत, तरी कुणी थांबलं नाही. मला नाही हो जमत हे. ते ब्रश तुम्हीच ठेवा."

चंद्र नव्हता तेव्हाच चित्र चांगलं होतं, हे माझ्या जिभेवर आलं होतं, पण ते सरांनी बोलायला हवं होतं. एकच वाक्य. मी त्यांच्याकडे रोखून बघत राहिले. सरांनी काकूंच्या खांद्यावर हात ठेवला.

"होतं असं सुरुवातीला," ते अगदी प्रेमाने म्हणाले.