मनगटावरचे तीन दोरे

तुम्ही म्हणाल, सोमवार, गुरुवार, चतुर्थी करणारी ही साधी बाई, ती कसली फजिती करून घेणार? घेतली हो! आणि घरच्या घरी नाही, चांगलं जळगावाहून एसटीने धुळ्याला जाऊन, भर मैदानात! हसू आलं तर खुशाल हसा. अर्ध्यापर्यंत मीही हसते. पुढचं सांगताना माझा आवाज जरा बसतो, तेवढं सांभाळून घ्या.

तर आमचा चेतन. दहा वर्षांचा, पाचवीत. अंगाने असा, की शाळेचा शर्ट पोराने घातलाय की खुंटीला अडकवलाय, कळू नये. त्याच्या आधीचं आमचं एक राहिलं नाही. आणि हा दोन वर्षांचा असताना अकरा दिवस दवाखान्यात होता. तेव्हापासून मी देवांना सुट्टी म्हणून दिलेली नाही.

असं हे पोरगं यंदा कबड्डीला लागलं! शाळेत नवे सर आले, त्यांनी याला पळताना पाहिलं. घरी येऊन म्हणाला, "आई, सर म्हणाले मी चपळ आहे."

आमचे हे डाळ मिलमध्ये असतात. ताटावरून मान वर न करता म्हणाले, "चपळ आहेच. अभ्यासाला बस म्हटलं की दिसत नाही."

मग काय विचारता! स्वयंपाकघराचं मैदान झालं. फरशीची एक रेघ ही मध्यरेषा आणि गॅसचं सिलेंडर म्हणजे समोरचा संघ. दम धरून "कबड्डी कबड्डी" करत यायचा, सिलेंडरला शिवायचा, आणि जाता जाता भाकरी थापणाऱ्या माझ्या पाठीवर थाप मारून पळायचा.

"आई, तू बाद!"

दिवसातून वीस वेळा मी बाद. एखाद्या वेळी पिठाच्या हातांनी पकडलंच, तर स्वारी पकडलं म्हणून खूश!

संध्याकाळी शाळेच्या मैदानावर सराव असे. मी कुंपणाच्या भिंतीबाहेर, रस्त्यावरच्या चार बायांत उभी राहायची. पहिले आठ दिवस काय हाल झाले त्याचे! मोठी पोरं पाय धरायची, हा धाडकन मातीत. उठला की आधी माझ्याकडे बघायचा. मी भिंतीवर अर्धी चढलेली. महिन्याभराने एकदा असाच पडला, उठला, गुडघे झटकले आणि परत रेघेवर जाऊन उभा राहिला. माझ्याकडे बघितलंच नाही. मला फार बरं वाटलं, आणि जरा कसंसंच झालं.

पहिला सामना ठरला. मी एरंडोलला गेले, तिथून पद्मालयाच्या गणपतीपर्यंत पायी, आणि पायाशी ठेवून लाल दोरा आणला. त्याच्या मनगटाला बांधला, सात गाठी मारून. एकेक गाठ अशी आवळली, की जन्मभर सुटायला नको.

पोरच ते. बोट घालून ओढत बसायचं. मी एकदा कामाच्या घाईत बोलून गेले, "ओढू नको रे! दोरा तुटला, तर आईच्या जिवाला लागतं."

बोलले आणि विसरले. आपण आया दिवसभर काय काय बोलतो! कोण लक्षात ठेवतं?

सामन्याहून परत आला. चड्डीची इस्त्री जशीच्या तशी.

"खेळलास?"

"नाही. राखीव होतो."

"का रे?"

"असंच."

असंच म्हणजे काय? सरावात तर हा चार-चार जणांना शिवून येतो, मी डोळ्यांनी बघते. म्हणजे नजर लागली! दुसरं काय? शनिवारचा उपास धरला, मारुतीचा काळा दोरा आणला. सात गाठी.

दुसरा सामना. परत इस्त्री शाबूत!

मग आमच्या घरची देवी, कानबाई, आठवली. तिच्यापुढे ठेवून, हळदीत भिजवून पिवळा दोरा बांधला. त्यालाही सात गाठी. हळद वाळली तशा त्या अशा घट्ट बसल्या, जणू दगडाच्या.

हे म्हणाले, "अगं, पोराचा हात आहे तो, वटपौर्णिमेचा वड नाही."

"तुम्ही गप्प बसा. सर दुजाभाव करतात. मी स्वतः जाऊन विचारणार आहे."

"आणि काय विचारणार?"

"जे तोंडात येईल ते!"

तिसरा सामना धुळ्याला, त्या वर्षाचा शेवटचा. पोरं शाळेच्या गाडीने गेली, मी एसटीने, शनिवारचा उपास धरून. पोहोचले तेव्हा सामना सुरू झालेला. आमचा चेतन कुठे? बाकावर! बाहीत हात ओढून बसलेला. मध्यंतर झालं, पोरं पाणी प्यायली. परत खेळ सुरू, हा परत बाकावर.

तेवढ्यात आमच्या संघातला एक मुलगा पाय मुरगळून लंगडत बाहेर आला. बाकावर एकटा चेतन उरलेला. मी हात जोडले. सर त्याच्यापाशी गेले, वाकून काही बोलले. चेतनने मान खाली घातली. सर सरळ झाले, आणि त्यांनी कोणालाच पाठवलं नाही. सहा पोरांवर खेळ चालू!

आता मात्र माझं डोकं फिरलं. पदर खोचला आणि निघाले थेट. दोरी ओलांडू नका म्हणून कोणी ओरडलं, मी ऐकते होय?

"सर! माझ्या पोराने तुमचं काय घोडं मारलंय? एक कमी पडला तरी चालेल, पण याला उतरवायचं नाही? तीन सामने झाले, पोरगं नुसतं बाक गरम करतंय! साध्या घरचं आहे म्हणून?"

शंभर माणसं कबड्डी सोडून माझ्याकडे बघायला लागली. सर पंचविशीचे असतील. बिचारे गोंधळले.

"ताई, तुम्ही चेतनच्या आई? अहो, बरं झालं आलात! दोन महिने मीच त्याच्या हातापाया पडतोय."

"म्हणजे?"

"सामन्याला हातात काही चालत नाही. पंच आधी मनगटं बघतात. पकडीत कोणाचं बोट अडकलं तर मोडायचं. सरावाला मी चालवून घेतो, इथे नाही चालत. तुमच्यासाठी दोनदा निरोप दिला त्याच्याजवळ. एका सामन्याला दोन दोरे, पुढच्याला तीन! मी म्हटलं, घरच्यांनाच पोराला खेळवायचं नसेल."

"मग यानेच का नाही काढले?"

सरांनी आवाज खाली आणला. "काढू देत नाही. म्हणतो, आईच्या जिवाला लागतं."

आता काय सांगू तुम्हाला! पायाखालची माती सरकते म्हणजे काय होतं, ते मला तिथे कळलं. चेतन दुसऱ्या हाताने मनगट झाकून बसला होता. चोरी पकडल्यासारखा.

"मला का नाही सांगितलंस रे, राजा?"

"तू पायी गेली होतीस ना," तो म्हणाला. "पाय सुजले होते तुझे."

मी त्याचं मनगट हातात घेतलं. सर म्हणाले, "ताई, चार मिनिटं आहेत. दोनच गुणांनी मागे आहोत, एका चढाईत फिरेल सामना. ही घ्या." प्रथमोपचाराच्या पेटीतली कात्री त्यांनी माझ्यापुढे धरली.

मला वाटतं, इथवरची चूक देवानेही माफ केली असती. अडाणी माया म्हणून सोडून दिली असती. पण मी काय म्हणाले असेन?

"अहो सर, कापायचा नसतो देवाचा दोरा! सोडते मी. हा काय, आत्ता सुटेल!"

एकवीस गाठी! माझ्याच हातच्या! काळा दोरा सुटला पटापट. लाल सोडायला नखं लागली, एक नख मुळापासून तुटलं. पिवळ्यावर चक्क दात लावले. सर कात्री उघडी धरून उभे. चेतन चवड्यांवर नाचत होता. "आई, लवकर. आई, लवकर ना!" कधी काही मागत नाही हो तो. त्या दिवशी मागत होता. आणि मी हळदीचा कडू दोरा चावत मनात म्हणत होते, देवा, माफ कर, देवा, माफ कर.

शेवटची गाठ ढिली झाली. "सुटली!" मी ओरडले. "जा रे, पळ!" आणि त्याला पाठीत हात देऊन ढकललंच.

माझा आवाज मैदानभर घुमला. कारण कबड्डीचा घोष थांबला होता. शिट्टी होऊन गेली होती. कधी झाली, मला कळलंच नाही.

चेतन पळत रेघेपर्यंत गेला, आणि मग त्याला दिसलं. दोन्ही संघांची पोरं समोरासमोर रांगेत उभी राहून हात मिळवत होती. तो क्षणभर थांबला. मला वाटलं, आता रडेल, आता माझ्याकडे बघेल. बघितलं नाही. आमच्या रांगेत सगळ्यांत शेवटी जाऊन उभा राहिला आणि त्याने समोरच्या एकेकाशी हात मिळवला. मनगटावर दोऱ्यांखालची गोरी कातडी लांबूनही दिसत होती.

मी दोऱ्यांचा गुंता मुठीत धरून दोरीबाहेर आले. तिथे समोरच्या संघातल्या कुणाची तरी आई उभी होती, खेड्यावरची. पोरगा जिंकला म्हणून नुसती फुलली होती. तिने मला विचारलं, "अक्का, तुमना कोनता शे?"

"तो, रांगेत शेवटचा."

तिने टाचा उंचावून पाहिलं आणि माझ्या दंडाला हात लावून प्रेमाने म्हणाली, "भारी खेयना हो तुमना पोऱ्या!"

उपासाच्या दिवशी मी कधी खोटं बोलत नाही. तिला म्हटलं, "हो ना. फार छान खेळला."