नमुन्याचं जोडपं

आमच्या मंडळीत लग्न ठरलेल्या जोडप्यांना पाळकसाहेब वर्षातून एकदा चर्चमागच्या खोलीत बसवतात आणि लग्न म्हणजे काय ते समजावून सांगतात. "हा व्यवहार नव्हे, देवाच्या साक्षीनं केलेला पवित्र करार आहे. व्यवहार पटला नाही तर मोडता येतो, करार मोडता येत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मग नमुना म्हणून ते माझ्या मावशीला आणि काकांना समोरच्या दोन खुर्च्यांवर बसवत.

नमुनाच म्हणायचा! हे दोघं घरी एकमेकांशी अवाक्षर बोलत नसत. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून आम्ही घरचे सगळे गप्प.

मावशी हॉस्पिटलच्या लाँड्रीत. रक्ताच्या, औषधाच्या चादरी उकळायच्या, पिळायच्या आणि गरम रोलरमधून काढायच्या. काका प्लंबर. काकांना राग आला की ते अबोला धरत, पहिल्यापासूनच. आठवडाभर तोंड फुगवायचं, मग सरळ व्हायचं. पुढे त्यांचा चार वर्षांचा मुलगा तापानं आजारी पडला. एका सकाळी ताप उतरलासा वाटला म्हणून मावशी कामावर गेली. ती परतली तेव्हा सगळं संपलं होतं. "तू घरी असतीस तर वाचला असता," काका म्हणाले. त्यानंतर त्या घरात ते तिच्याशी बोललेच नाहीत.

बाकी माणसात खोट काढायला जागा नाही. कधी हात उगारला नाही, बाहेर नजर टाकली नाही, रविवारची उपासना चुकवली नाही. मीठ कमी पडलं तर मागत नसत, उठून घेत. मला विचाराल तर दोन शिव्या परवडल्या असत्या.

आणि हाच माणूस पाळकसाहेबांसमोर बसला की मावशीचा हात हातात घेई आणि म्हणे, "मी उभा आहे तो हिच्यामुळे." बघणाऱ्यांचे डोळे भरून येत. माझा मात्र तिळपापड व्हायचा.

मावशी त्या दिवसाची वाट बघायची. आठवडाभर आधीपासून भेगाळलेल्या हातांना रोज व्हॅसलीन चोळत बसायची. एकदा मी चिडून म्हटलं, "कशाला त्या सोंगात सामील होतेस?"

"सोंग त्यांचं असेल," ती म्हणाली. "माझा हात तर खरंच धरलेला असतो ना."



मग माझं लग्न ठरलं. मुलगा बेकरीत कामाला, कष्टाळू, दिसायला चांगला. राग आला की तोही गप्प बसायचा. मी मावशीला हसत हसत सांगितलं, "आठवडा आठवडा बोलत नाही गं. शेवटी मीच मनवते."

मावशीचा चेहरा उतरला. "विचार कर, बाई."

"अगं, भांड्याला भांडं लागायचंच," मी म्हटलं आणि विषय उडवून लावला. लग्नाच्या घाईत असलेल्या पोरीला शहाणपण शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

त्या वर्षी जोडप्यांमध्ये आम्हीही बसलो होतो. काकांनी हात धरला, आपलं वाक्य म्हटलं. पाळकसाहेब मावशीकडे वळले, "ताई, तुम्हीही दोन शब्द सांगा." दरवर्षी ती "एकमेकांना सांभाळून घ्या" एवढंच म्हणायची. या वेळी तिनं माझ्या होणाऱ्या नवऱ्याकडे पाहिलं.

"बाळा, तू हिच्याशी आठवडाभर बोलत नाहीस म्हणे. यांचाही आधी आठवडाच असायचा. आमचं लेकरू गेलं आणि मग तो आठवडा संपलाच नाही." तिनं काकांच्या हातातला आपला हात जरा वर उचलला. "आत्ता यांनी माझा हात धरलाय ना, तो याआधी मागच्या वर्षी धरला होता, याच खोलीत. मधे एकदाही नाही. पाळकसाहेब, आम्ही करार मोडला नाही. सोबत राहू म्हणालो होतो, राहिलो. बोलू असं म्हणायचं तेवढं राहून गेलं."

काकांनी आपला हात काढून घेतला आणि स्वतःच्या गुडघ्यावर ठेवला. "आपण प्रार्थना करू या," पाळकसाहेब घाईघाईनं म्हणाले.

बाहेर आल्यावर मी त्याला विचारलं, "तू माझ्याशी असं वागशील?" तो काही बोलला नाही. घरी पोहोचेपर्यंत बोलला नाही, पुढच्या आठवड्यातही नाही. या वेळी मी मनवायला गेले नाही. लग्न मोडलं. आई रडली आणि मंडळीनं सगळं खापर मावशीवर फोडलं.

मी तिला भेटायला गेले. काका आतल्या खोलीत होते, दार उघडंच होतं. मावशीनं मला जवळ घेतलं. "सुटलीस," ती म्हणाली. पाळकसाहेबांनी पुढच्या वर्षासाठी दुसरं जोडपं बघितलंय, हेही तिनंच सांगितलं. माझ्यापायी तिचा तो एक दिवस गेला होता. मला रडू आवरेना.

"रडू नकोस. मी सगळं समजूनच बोलले," ती म्हणाली. मग आतल्या दाराकडे बघत हळूच पुढे म्हणाली, "मला वाटलं होतं, एवढ्या लोकांत अब्रू काढली, आता घरी गेल्यावर ओरडतील तरी. ओरडलेसुद्धा नाहीत गं."